बायोस बदलण्यापूर्वी



जुने लाकडी घर उतरवताना आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. मी लहान असताना आमच्या आळीतला एक वाडा असाच उतरवला. त्याची लाकडे शेतावरच्या नव्या घराला वापरायची होती. आलेल्या सुताराने पहिले दोन दिवस पहारीला हातच लावला नाही. हातात गेरूचा खडा घेऊन तो नुसता हिंडत होता आणि प्रत्येक खांबावर, तुळईवर, चौकटीवर खुणा करीत होता. कुठे दोन रेघा, कुठे फुली, कुठे वर्तुळ. मालकांना वाटले, हा मजुरी वाढवतो आहे. ते रागावलेही. सुतार एवढेच म्हणाला, "दादा, उतरवल्यावर हे समदं सारखंच दिसतंय."

हा सुतार मला आठवला तो एका भलत्याच प्रसंगी. २०२२ सालच्या एप्रिल महिन्यात, आमच्या विभागातला संगणक काळाठिक्कर पडदा दाखवीत माझ्यापुढे बसला होता, तेव्हा. त्या प्रसंगाविषयी, आणि त्यातून मी जे शिकलो त्याविषयी, आज आपल्याशी बोलायचे आहे. विषय यंत्राचा आहे खरा. पण मी स्वतः इतिहासाचा अध्यापक, तेव्हा मला जेवढे कळले तेवढेच आणि ज्या शब्दांत कळले त्याच शब्दांत सांगेन.

तो संगणक आम्ही २०१८ साली जिल्ह्याच्या ठिकाणाहून जोडून आणला होता. त्यात चार वर्षांचे अंतर्गत गुण होते, मुलांचे प्रकल्प होते. पण त्याहून मोलाची एक गोष्ट होती. १९७२ सालच्या दुष्काळाच्या आठवणी आमच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव हिंडून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ध्वनिमुद्रित करून आणल्या होत्या. खडी फोडायला गेलेल्या बाया, तलावाच्या कामावर लहानाचे मोठे झालेले गडी, मिलोच्या भाकरीची चव सांगणारे आजोबा. त्यांतले काही जण पुढे वारले. गुणांच्या याद्या कार्यालयात कागदावर होत्या. या आवाजांची दुसरी प्रत मात्र कुठेही नव्हती. ही माझीच चूक.

२०२१ च्या ऑक्टोबरात विंडोजची अकरावी आवृत्ती आली. तिला संगणकात टी.पी.एम. नावाची सुरक्षेची सोय चालू असावी लागते. त्यासाठी अनेक मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी आपापल्या बायोसची नवी आवृत्ती दिली. मी ते वाचले, नवी फाइल पेन ड्राइव्हवर उतरवली आणि मोठ्या हौसेने अपडेट केले. पाच-सात मिनिटांत काम झाले, यंत्र आपोआप पुन्हा सुरू झाले, आणि पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ओळ आली, की ज्यावरून सुरू व्हावे असे साधनच सापडत नाही.

दुरुस्तीला एक गृहस्थ आले. त्यांनी दोन वेळा यंत्र बंद-चालू करून पाहिले आणि निकाल दिला, "सर, डिस्क गेली बघा. फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकतो. डेटा काही राहणार नाही." परीक्षेचे दिवस होते. संगणक त्याच दिवशी हवा होता. 'बरं, टाका' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात पदार्थविज्ञान विभागाचे प्रयोगशाळा-सहायक काही कामासाठी डोकावले. त्यांनी विचारले, "सर, अपडेटच्या आधी बूट मोड काय होता?"

मी म्हटले, "बूट मोड म्हणजे काय?"

ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. दीड तास खटपट करून, हे लावून बघ, ते काढून बघ असे करीत त्यांनी एक ओळ शोधून काढली. तिचे नाव सी.एस.एम. जुन्या पद्धतीने सुरू होणाऱ्या डिस्का चालाव्यात म्हणून ठेवलेली ती सोय. आमच्या यंत्रात ती पूर्वी चालू होती. नव्या बायोसने ती बंद केली होती. ती चालू करताच विंडोज उघडली. सारे आवाज जिथल्या तिथे होते.

म्हणजे पाहा, डिस्कला काहीच झाले नव्हते. त्या गृहस्थांचे ऐकले असते तर धडधाकट डिस्क आम्ही आमच्याच हातांनी पुसली असती आणि दोष अपडेटला देऊन मोकळे झालो असतो. असे किती ठिकाणी घडले असेल कोण जाणे!

आता हा बायोस म्हणजे काय? आपण बटण दाबतो तेव्हापासून विंडोज दिसेपर्यंत काही सेकंद जातात. तेवढ्या वेळात मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधला कार्यक्रम जागा होतो. मदरबोर्ड म्हणजे संगणकाच्या पेटीतली मुख्य पाटी, जिच्यावर बाकी सारे जोडलेले असते. शाळा भरण्यापूर्वी शिपाई येतो, कुलपे काढतो, कोणती खोली आधी उघडायची, पाण्याचा पंप केव्हा लावायचा हे त्याला पाठ असते. तसेच हे काम. अलीकडच्या यंत्रांत या कार्यक्रमाचे शास्त्रीय नाव यू.ई.एफ.आय. असे आहे; पण बोलताना सगळे बायोसच म्हणतात, आपणही तेच म्हणू. चिपमध्ये कायम मुक्काम करणाऱ्या अशा कार्यक्रमाला फर्मवेअर म्हणतात.

आणि शिपायाला जे पाठ असते, ती म्हणजे सेटिंग्ज. आय.बी.एम. कंपनीने १९८१ साली आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा ही सेटिंग्ज डोळ्यांना दिसत असत. पाटीवर चिमुकली बटणे होती. मेमरी किती, फ्लॉपी किती, पडदा कोणता, हे ती वर-खाली करून सांगायचे. १९८४ साली त्याच कंपनीचा ए.टी. नावाचा संगणक आला, त्यात या बटणांचे बरेचसे काम घड्याळाच्या एका चिपने घेतले. त्या चिपची सारी स्मरणशक्ती ६४ अक्षरांएवढी, आणि वीज नसताना ती जपायला एक बॅटरी. तेव्हापासून सेटिंग्ज डोळ्यांआड गेली.

मी कॉलेजात शिकत होतो त्या सुमारास, म्हणजे १९९८-९९ साली, आमच्या संगणकशाळेत तेव्हाच म्हातारा झालेला एक संगणक होता. त्याच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला होता आणि त्यावर डिस्कचे आकडे शाईने लिहिले होते: सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती. बॅटरी मेली की ते आकडे पुन्हा हाताने भरावे लागत. पुढे यंत्रे स्वतःच डिस्क ओळखू लागली, कागद चिकटवण्याची गरज उरली नाही, आणि गरजेबरोबर सवयही गेली. मला तर तो कागद तेव्हा गबाळेपणा वाटला होता!

आता कोणी विचारील, नवा बायोस घातला तर जुनी सेटिंग्ज पुसली का जावीत? शिक्षक बंधुभगिनींना हे चटकन कळेल. वरून माहितीचा नवा नमुना येतो. जुन्या नमुन्यात सातव्या रकान्यात जन्मतारीख होती, नव्यात सातवा रकाना आधार क्रमांकाचा आहे. जुना भरलेला कागद नव्यावर तसाच ठेवला तर जन्मतारीख आधार क्रमांक होऊन बसेल. बायोसचेही तसेच. नव्या आवृत्तीत रकाने वाढतात, सरकतात, काही गळतात. चुकीचा अर्थ लागण्यापेक्षा सगळे कोरे करून कारखान्यातली मूळ सेटिंग्ज लावणे बनवणाऱ्यांना बरे वाटते. सगळेच बायोस असे करतात असे नाही, काही जुनी सेटिंग्ज राखतातही. पण राखतील या भरवशावर बसू नये.

याच कारणाने आणखी एक फसगत होते. बऱ्याच मदरबोर्डांत सेटिंग्ज 'प्रोफाइल' म्हणून साठवून ठेवण्याची सोय असते. ती वापरावी, पेन ड्राइव्हवर साठवता येत असेल तर तिथेच साठवावी. परंतु जुन्या आवृत्तीत साठवलेले प्रोफाइल नवी आवृत्ती पुष्कळदा स्वीकारीत नाही, आणि चिपमध्येच ठेवलेले प्रोफाइल अपडेटमध्ये पुसलेही जाऊ शकते. रकान्यांचीच अडचण, दुसरे काय! माणसाच्या डोळ्यांनी वाचता येईल अशी नोंद मात्र कोणत्याही आवृत्तीत चालते.

ती करायची कशी? यंत्र सुरू होता होता डिलीट किंवा एफ-२ ही कळ पुन्हा पुन्हा दाबली की बहुतेक संगणकांत बायोसचा पडदा उघडतो. लॅपटॉपला कधी एफ-१०, कधी एस्केप. उघडल्यावर काही बदलू नका. फक्त एकेक पान पुढे न्या आणि मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो घ्या. उपपाने असतात, तीही उघडा. महत्त्वाच्या ओळी बहुधा तिथेच दडलेल्या असतात. कित्येक मदरबोर्डांत पेन ड्राइव्ह लावून एफ-१२ दाबले की पडद्याचे चित्र थेट त्यावर उतरते. बाहेर पडताना 'बदल न साठवता' हा पर्याय घ्या. माझ्या ओळखीच्या एका सद्गृहस्थांनी हे सगळे फोटो नीट नावे देऊन ठेवले होते, पण त्याच संगणकात! तेव्हा फोटो मोबाइलमध्ये राहू द्या आणि महत्त्वाच्या आठ-दहा ओळी कागदावर उतरवा.

कागदावर सर्वांत वर मदरबोर्डचे नाव आणि सध्याच्या बायोसचा आवृत्ती क्रमांक. हे विंडोजमध्ये असतानाच 'सिस्टिम इन्फर्मेशन' नावाच्या पानावर मिळते. त्याच पानावर 'बायोस मोड' अशी ओळ आहे, तिच्यापुढे लेगसी लिहिले आहे की यू.ई.एफ.आय. हे पाहून ठेवा. माझा सारा घोळ या एका शब्दाचा होता. त्याखाली सी.एस.एम. चालू की बंद आणि सिक्युअर बूट चालू की बंद. मग डिस्क कोणत्या रीतीने जोडली आहे ती ओळ, ए.एच.सी.आय. की रेड. ही बदलली तर विंडोज अर्धवट सुरू होते आणि निळा पडदा देऊन परतते. तिथेही माणसे डिस्कलाच दोष देतात. त्यानंतर कोणत्या साधनावरून आधी सुरू व्हायचे तो क्रम.

मेमरीचा वेग, पंख्यांची गती, व्हर्च्युअलायझेशन ही ज्यांना लागतात त्यांनी लिहावी. ती बदलल्याने काम सहसा अडत नाही, एवढेच की संगणक पूर्वीपेक्षा मंद किंवा गोंगाटी का झाला हे कळत नाही.

एक ओळ मात्र आपल्या खेड्यापाड्यांसाठी फार कामाची. गेलेली वीज परत आल्यावर संगणकाने आपोआप सुरू व्हावे, की बंदच राहावे, हे बायोसमध्ये ठरवता येते. कार्यालयातल्या एका संगणकावर बाकीचे अवलंबून असतील तर तो आपोआप सुरू होणे सोयीचे. उलट, वीज दहा वेळा जाते-येते अशा ठिकाणी तो बंद राहिलेलाच बरा. आपण विचार करून लावलेली ही ओळ अपडेटनंतर गुपचूप मूळपदावर जाते, आणि पुढे महिनाभर आपण वायरमनला बोल लावीत बसतो.

आता जरा गंभीर गोष्ट. लॅपटॉप आणि नवे संगणक आपली डिस्क कुलूपबंद ठेवतात. विंडोजमध्ये या कुलपाचे नाव बिटलॉकर. कित्येकदा मालकाला ते लागले आहे हेही ठाऊक नसते. या कुलपाची राखण करणारी टी.पी.एम. चिप बायोसची ओळख लक्षात ठेवते. बायोस बदलला की तिला वाटते, हा कोणी परका आला! मग पडद्यावर अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागितली जाते. ती नसेल तर डिस्क धडधाकट असून उपयोग शून्य. दुरुस्तीवाला तर सोडाच, खुद्द बनवणारेही ती उघडून देऊ शकत नाहीत. घरगुती विंडोजमध्ये ही किल्ली बहुधा ज्याने पहिल्यांदा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याने तो संगणक सुरू केला त्याच्या खात्यात असते. आता शाळेत काय होते? संगणक आला तेव्हा जे मुख्याध्यापक होते त्यांनी आपल्या खात्याने तो सुरू केला, आणि दोन वर्षांनी त्यांची बदली दुसऱ्या तालुक्याला झाली. किल्ली त्यांच्याबरोबर गेली, आणि हे त्यांनाही माहीत नाही. म्हणून आधी त्यांना फोन करा, ती किल्ली कागदावर उतरवून घ्या, आणि बायोसच्या नोंदीबरोबर न ठेवता कपाटात कुलपाखाली ठेवा. अपडेटपूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करण्याची सोय असेल तर ती वापरा. काही संगणक अपडेटनंतर विचारतात, 'नवी टी.पी.एम. दिसते आहे, जुनी पुसू का?' किल्ली हाती असल्याखेरीज त्याला होकार देऊ नका.

आणि वीज. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर अर्धा जुना, अर्धा नवा असा प्रकार होतो आणि यंत्र जागेच होत नाही. काही मदरबोर्डांत यावर उपाय म्हणून दुसरी राखीव चिप असते, काहींत पेन ड्राइव्हवरून परत लिहून घेण्याचे वेगळे बटण असते. ते नसेल तर चिपवर नव्याने लिहिणारा जाणकार शोधावा लागतो, आणि तो तालुक्याला मिळेलच असे नाही. लोडशेडिंगची वेळ टाळा, यू.पी.एस. खरोखर किती मिनिटे टिकतो ते आदल्या दिवशी पाहा. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला, दोन्ही हवे.

इतके सारे असेल तर अपडेट करावेच कशाला, असा प्रश्न आपल्या मनात आलाच असेल. रास्त आहे. कारण नसेल तर करू नये, असे माझेही मत झाले आहे. पण कधी कारण असते. २०१८ च्या जानेवारीत प्रोसेसरमधले मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष उघड झाले. त्यांवरच्या इलाजाचा काही भाग नव्या बायोसमधूनच आला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागून झिजत असल्याचे दिसून आले, तेव्हा २०२४ च्या ऑगस्टपासून त्यावरचा उताराही बायोसमधूनच देण्यात आला. असा प्रोसेसर असणाऱ्याने 'माझे चालले आहे ना' म्हणून स्वस्थ बसणे नुकसानीचेच.

जे अपडेट कधीच करणार नाहीत, त्यांनाही हा कागद लागेल. मे महिन्यात शाळा बंद, मुख्य बटण बंद, यंत्राच्या पोटातली रुपयासारखी दिसणारी सी.आर.-२०३२ नावाची तीन व्होल्टची बॅटरी झिजलेली. जूनमध्ये संगणक लावला की तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते, आणि जुन्या यंत्रांत तर सेटिंग्जही गेलेली असतात. तारीख चुकली की माहिती भरण्याची संकेतस्थळे 'हे ठिकाण सुरक्षित नाही' म्हणून उघडायला नकार देतात, आणि आपण नेट खराब आहे असे समजून दुपारभर वाट पाहतो. बॅटरी बदलायला दोन मिनिटे लागतात. सेटिंग्ज पुन्हा लावायला कागद असेल तर पाच.

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या विभागात पुन्हा अपडेट करायची वेळ आली. विंडोजच्या दहाव्या आवृत्तीची नेहमीची मदत त्याच ऑक्टोबरात थांबली होती. मध्यंतरी त्या जुन्या संगणकाची डिस्कही आम्ही रीतसर नव्या पद्धतीवर नेली होती, त्यामुळे २०२२ चा कागद जसाच्या तसा लागू राहिला नव्हता. तेव्हा कागदावर तारीख घाला बरं का, नाहीतर जुनी नोंद नव्यापेक्षा जास्त फसवते. दुष्काळाच्या आठवणींच्या प्रती तोवर दोन वेगळ्या डिस्कांवर झाल्या होत्या, एक ग्रंथालयात, एक माझ्या घरी. प्रयोगशाळा-सहायकांना मी मुद्दाम बोलावून घेतले. त्यांनी पाने उघडायची, मी लिहायचे, असे ठरले. अकरा ओळी झाल्या.

अपडेट संपल्यावर विंडोज उघडण्याची घाई न करता आधी बायोसच उघडला आणि कागदाशी ओळ ओळ ताडून पाहिली. चार ओळी बदलल्या होत्या. त्यांतल्या तीन पूर्ववत केल्या. चौथी, वीज परत आल्यावर काय करायचे ती, आम्ही दोघांनी थोडा वाद घालून नव्याने ठरवली, कारण खोलीत आता इन्व्हर्टर आला आहे. मग कागदावर नवा आवृत्ती क्रमांक घातला, तो प्लास्टिकच्या पिशवीत सरकवला आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला.